ग्रँड कॅन्यनच्या काठावर ७५ लिटर पाणी

मुलांकडे अमेरिकेला जाऊन आलेली आपली मंडळी ग्रँड कॅन्यनविषयी भरभरून बोलतात. हॉटेलात उतरतात, सूर्यास्त पाहतात, फोटो काढतात आणि दुसऱ्या दिवशी लास व्हेगासची वाट धरतात. आमचा जावई धारवाडचा. त्याला हॉटेलपेक्षा चाकांवरचे घर प्रिय. फिनिक्सला त्याच्या घरामागे एक छोटा कॅम्पिंग ट्रेलर उभा असतो. गाडीच्या मागे जोडायचा आणि निघायचे. आत झोपायची जागा, गॅसची शेगडी, बेसिन, एवढासा फ्रिज आणि कपाटाएवढी न्हाणी. ऑक्टोबर २०२४ मध्ये आम्ही दोघे, लेक, जावई आणि चार वर्षांची नात असे पाच जण त्यातून दक्षिण काठावर गेलो आणि तीन रात्री राहिलो. दरीचे वर्णन पुष्कळांनी केले आहे. मी त्या घरातल्या वीज-पाण्याची हकीकत सांगते.

ट्रेलरमध्ये वीज दोन प्रकारची असते, हे आधी समजून घ्यावे लागते. एक बाहेरची, १२० व्होल्टची. मुक्कामाच्या जागी खांब असतो, त्याला जाड केबल लावली की एसी, मायक्रोवेव्ह आणि भिंतीतले प्लग चालतात. दुसरी बॅटरीची, १२ व्होल्टची. दिवे, पाण्याचा पंप आणि हीटरचा पंखा तिच्यावर. या दोहोंच्या मध्ये कन्व्हर्टर नावाची पेटी असते. ती १२० चे १२ करते आणि बॅटरीही चार्ज करते. पाण्याचेही तसेच दोन मार्ग. नळाला पाइप जोडला तर पाणी त्याच्याच दाबाने येते. नाही तर पोटातल्या टाकीतले पाणी पंपाने ओढायचे. आमच्या ट्रेलरची टाकी २० गॅलनची, म्हणजे साधारण ७५ लिटरची. आपल्या दोनशे लिटरच्या बॅरलच्या निम्म्यालाही पोचत नाही. पाच माणसे आणि तीन रात्री!

पहिली रात्र वाटेत फ्लॅगस्टाफला काढली. तिथे खांबही होता आणि नळही. जावयाने नळाला आधी पितळी रेग्युलेटर लावला, मग पाइप. काही ठिकाणी नळाचा दाब इतका असतो की ट्रेलरचे नाजूक प्लास्टिक पाइप फुटतात. त्या रात्री सगळे झगमगत होते. नात दिवे लावत होती, विझवत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ग्रँड कॅन्यनच्या मॅदर कॅम्पग्राउंडवर पोचलो. पाइन आणि जुनिपरच्या झाडीत तीनशेहून अधिक जागा आहेत. सार्वजनिक नळ आहेत, संडास आहेत, सांडपाणी सोडायची सोय आहे. पण जागेवर ना वीज, ना नळ. एल्क नावाची घोड्याएवढी हरणे खुशाल फिरत असतात. पार्कातल्या पाण्याच्या तोट्या नाकाने दाबून पाणी प्यायला ती शिकली होती, तेव्हा त्या तोट्यांना बंदोबस्त करावा लागला होता. पाण्यापुढे जनावरही इंजिनिअर होते.

फ्लॅगस्टाफलाच टाकी भरून घेतली होती. चहासाठी बेसिनचा नळ सोडला, तर पंप घर्रर्र करून चालूच राहिला आणि नळ नुसताच थुंकू लागला. जावयाला वाटले पंप गेला. आमच्या ह्यांची उभी हयात उद्यमबागेत मोटारी रिवाइंडिंग करण्यात गेली आहे. त्यांनी कान लावला आणि म्हणाले, "मोटार ठणठणीत आहे. हवा ओढतोय." आपल्याकडे बोअरच्या पंपाने हवा धरली की येतो, अगदी तोच पोकळ आवाज. वीज पोचते आहे, मोटार फिरते आहे, टाकीत पाणी आहे. मग दोष टाकी आणि पंप यांच्या मधेच असणार. बाकाखालची फळी काढली. पंपाच्या तोंडाशी काचेसारख्या पारदर्शक वाटीत जाळी बसवलेली असते. ती वाटी रस्त्याच्या हादऱ्यांनी सैल झाली होती आणि आत बुडबुडे नाचत होते. पाणी बाहेर गळत नव्हते, कारण त्या बाजूला पंप ओढत असतो. गळतीऐवजी हवा आत शिरते. जाळी धुतली, रबरी रिंग नीट बसवली, वाटी हाताने आवळली. पान्याने आवळली असती तर प्लास्टिकच तडकले असते.

बाकाखालून जावयाचा आवाज आला, "अत्ती, नळ बंतेनऽ?"

"बंत, बंत!" मी बेसिनजवळून ओरडले. धारवाड काय नि बेळगाव काय, नळाच्या वारावर घरातली कामे ठरवणाऱ्यांना हा प्रश्न परका नाही. तोटी बंद करताच पंप दोन सेकंदांत गप्प झाला. हीच त्याच्या प्रकृतीची खूण. कुठलाही नळ सोडलेला नसताना रात्री पंप मध्येच टुक् करून उठला, तर कुठे तरी थेंब गळतो आहे असे समजावे.

खरी परीक्षा अंधार पडल्यावर झाली. हा काठ समुद्रसपाटीपासून सात हजार फुटांवर आहे. ऑक्टोबरात दिवसा उबदार ऊन असले, तरी रात्री पारा शून्याच्या आसपास उतरतो. आठच्या सुमारास दिवे पिवळे पडू लागले. हीटर लावला, तो खटखट करून थांबला. सिलिंडर भरलेला होता, पण हीटर गॅसवर चालत असला तरी त्याचा पंखा बॅटरीवर चालतो. पंखा फिरल्याशिवाय तो पेटतच नाही. नातीला सर्दी झालेली होती. लेक काही बोलली नाही, तिने तिला आणखी एक स्वेटर घातला.

ह्यांनी मल्टिमीटर लावला. भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते, निम्मी उतरली की १२.२ च्या आसपास. आमची ११.४ वर होती. जावई म्हणाला, "मामा, काल रात्रभर खांबाला लावली होती की!" काल दिवे झगमगत होते ते कन्व्हर्टरच्या जोरावर. खांबाला जोडलेल्या ट्रेलरमध्ये मेलेली बॅटरीही जिवंत दिसते. म्हणून घरून निघण्यापूर्वी केबल काढून तासभर सगळे बॅटरीवर चालवून बघावे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. बाकी तपासण्या नंतर.

बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरे-हिरवे फूल आले होते. ते खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने घासून काढले. मग झाकणे उघडून टॉर्चच्या उजेडात पाहिले, तर प्लेटा उघड्या पडलेल्या! फिनिक्सच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. ट्रेलर उन्हात उभा, आणि बॅटरीतले पाणी उडून गेलेले. आपल्या घरच्या इन्व्हर्टरचे हेच दुखणे असते. म्हणजे संध्याकाळी पाणी येत नव्हते तेव्हा आम्ही आधी विजेकडे पाहिले, आणि आता वीज गेली तर कारण निघाले पाणी.

पण डिस्टिल्ड वॉटर आणायचे कुठून? नळाचे पाणी चालत नाही, त्यातले क्षार प्लेटा खराब करतात. शेजारच्या जागेवर एक वयस्क अमेरिकन जोडपे होते. जावई विचारून आला, तर आजोबा गॅलनची बाटली घेऊन स्वतःच हजर. सोबत हातमोजे आणि चष्माही, कारण आत ॲसिड असते. काडी-मेणबत्ती जवळ आणायची नाही, हे त्यांनी आणि ह्यांनी एकदमच सांगितले, एकाने इंग्रजीत, एकाने मराठीत. प्लेटा बुडतील एवढेच पाणी घातले. खुणेपर्यंत भरायचे ते चार्जिंगनंतर, नाही तर ॲसिड उतू जाते. मग गाडी जवळ घेऊन जंपर केबल जोडल्या आणि अर्धा तास इंजिन चालू ठेवले. दहानंतर शांततेचा नियम असतो, त्याच्या आत हे उरकले. हीटरचा पंखा फिरला. दिवे सगळे बंद, थर्मोस्टॅट अगदी खाली, आणि नात आमच्या दोघांच्या मध्ये. पहाटे हीटर थांबला, पण तोवर रात्र निभावली होती.

सकाळी परवानगीच्या वेळेत आजोबांनी आपला छोटा जनरेटर दिला. दोन तासांनी चार्जिंग थांबवले, पण ह्यांनी लगेच मीटर लावला नाही. चार्जिंगहून नुकती काढलेली बॅटरी फुगवून आकडा सांगते, म्हणून तासभर विसावू दिली. मग १२.३ आले. नवीनची सर नाही, पण दोन रात्री काढण्यापुरते. आम्ही आजोबा-आजींना उप्पिट दिले. त्यांनी कढीपत्ता बाजूला काढून बाकी सगळे संपवले.

त्या दिवशी काठावर उभे असताना लेकीने खाली दरीत बोट दाखवले. या दक्षिण काठावरचे पाणी कुठून येते, तर पलीकडच्या उत्तर काठाखालच्या रोअरिंग स्प्रिंग्ज या झऱ्यांतून! साडेबारा मैलांची ॲल्युमिनियमची पाइपलाइन दरीच्या तळाशी उतरते, कोलोरॅडो नदी झुलत्या पुलावरून ओलांडते आणि हवासुपाई गार्डन्सपासून पंपांनी वर चढवली जाते. काम १९६५ मध्ये सुरू झाले, १९६६ च्या डिसेंबरात पुराने बरेच वाहून नेले, १९७० मध्ये पुरे झाले. आता ती लाइन म्हातारी झाली आहे. २०१० पासून ८५ हून अधिक वेळा ती मोठी फुटली. आम्ही जाण्याच्या दीडच महिना आधी, २९ ऑगस्ट २०२४ पासून काही दिवस, पाणी नाही म्हणून काठावरच्या हॉटेलांतले मुक्काम बंद ठेवावे लागले होते. २०२३ पासून नव्या लाइनचे काम हाती घेतले आहे. आमच्या बाकाखालची सैल वाटी आणि ही पाइपलाइन, दुखणे एकाच जातीचे. फरक इतकाच की तिथे पान्यापक्कड घेऊन हेलिकॉप्टरने उतरावे लागते.

बाकी ७५ लिटरची मला चिंता वाटली नाही. एका तांब्यात तोंड धुणे आणि भांडी आधी कागदाने पुसून मग विसळणे आपल्याला कोणी शिकवायला नको. नवे होते ते सांडपाणी. बेसिनचे पाणी वेगळ्या टाकीत साठते. ती भरली की वर पाणी असूनही काम थांबते. आंघोळी पैसे टाकायच्या सार्वजनिक स्नानगृहात केल्या. निघताना शुद्ध टाकीत चौथाई पाणी शिल्लक होते. जावई मीटरकडे पाहतच राहिला. सांडपाण्याच्या ठिकाणी त्याने आधी संडासाची टाकी सोडली, मग बेसिनची, म्हणजे पाठोपाठ पाइप आपसूक धुतला जातो.

फिनिक्सला पोचल्यावर नवी बॅटरी आली. तिच्यातही पाणी घालावे लागतेच. लेकीच्या स्वयंपाकघरात मी नेलेले कालनिर्णय टांगलेले आहे. त्यात दर अमावास्येच्या चौकोनात जावयाने कन्नडमध्ये एकच शब्द लिहून ठेवला आहे : नीरु.