दुखणे शमते, कोठा रुसतो

खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर नाचणगावच्या घरी परतलो, तेव्हा वेदनेपेक्षा बद्धकोष्ठाने अधिक छळले. ट्रामाडॉल वेदना दाबते, तशीच आतड्यांची हालचालही मंदावते. मळमळ बहुधा काही दिवसांत ओसरते. हा त्रास मात्र गोळी चालू असेतो टिकू शकतो. अशा वेळी ईसबगोलावर विसंबू नये; पाणी कमी पडले तर कोठा अधिकच जड होतो. मला डॉक्टरांनी आतड्यांना चालना देणारे रेचक दिले. ट्रामाडॉलच्या अनेक गोळ्यांत 325 मिलिग्रॅम पॅरासिटामॉलही असते, तेव्हा तापाची वेगळी गोळी विचारूनच घ्यावी. गुंगीत तोल जातो. वॉकर खाटेशीच असू द्यावा.

शौचाविषयी सुनेशी बोलणे आपल्या पिढीला अवघडच. मी वहीत तारखा लिहून ठेवू लागलो. आता ती वही सूनच डॉक्टरांना दाखवते.