तुटलेला पेच

जुन्या नाशकात वाडा पाडला की त्याची सागवानी दारं भंगारवाल्याच्या टेम्पोत दिसतात. पण धडधाकट घरांतूनही दारं जातात, आणि तिथे कारण बहुतेक वेळा फार किरकोळ असतं. बिजागरीचा स्क्रू आत तुटतो, भोक मोठं होतं, दार लटकून उंबऱ्याला घासू लागतं. मग कुणीतरी सांगतं, काढून टाका, फ्लश डोअर बसवू.

आमच्याकडेही हेच झालं. दार आजोबांच्या वेळचं. वरच्या बिजागरीचे तीन स्क्रू चौकटीतच तुटलेले. भाऊ म्हणाला, एवढ्या खटाटोपात नवं येईल. अम्मी काहीच बोलली नाही, फक्त भाव करायला आलेल्या भंगारवाल्याला तिनं चहा विचारला नाही. आमच्या घरात हे पहिल्यांदाच घडलं.

स्क्रूला आपल्याकडे पेच म्हणतात. शब्द फारसीतून आला, रंधा आणि मेखही तिकडचेच. मराठीत पेचाचा अर्थ अडचण असाही होतो. कोणा सुतारानंच तो दिला असेल, असं मला उगीच वाटतं.

जुन्या वाड्यांच्या दारांना बिजागरी नसायचीच. फळीच्याच कडेला वर-खाली लाकडी टोकं असत आणि ती चौकटीच्या खळग्यांत फिरत. बिजागरी आल्यावर पेच आले. लोखंड गंजलं की फुगतं, त्यामुळे जुना स्क्रू लाकडात पाचरीसारखा घट्ट बसतो. जोर लावला की मान तुटते. हल्ली तर जिप्समचे काळे स्क्रू सगळीकडे वापरतात. ते कडक असतात पण ठिसूळ, आणि सागवानात आधी भोक न पाडता मशीननं दाबले की कट्‌कन मोडतात.

आमच्या गल्लीतले सुतार चाचा आले. पहिला तुकडा जरा वर होता. पटाशीनं भोवतीचं लाकूड थोडं कोरून त्यांनी तो पक्कडीत धरला आणि सावकाश उलटा फिरवला. बाकीचे दोन खोल होते. त्यासाठी त्यांच्या पेटीत एक पोलादी नळी होती, तोंडाला कानशीनं दाते पाडलेली. भोक पाडलेला प्लायचा तुकडा चौकटीवर घट्ट धरून त्यातून नळी उलट्या फेऱ्यांनी आत घातली. नळी स्क्रूला नाही, त्याच्याभोवतीच्या लाकडाला कापते. मध्येमध्ये थांबून ती गार करायची. शेवटी तुकडा आपल्या लाकडासकट बाहेर येतो. अशा कामात स्क्रू वाचवायचा नसतो, त्यामुळे त्याच्याशी झगडण्यात अर्थ नाही.

उरलेली भोकं १० मिलीमीटरची सारखी करून घेतली. काडेपेटीच्या काड्या आणि फेविकॉल घालण्याची युक्ती सगळ्यांना माहीत आहे, पण जड दाराला ती टिकत नाही. चाचांनी जुन्या सागाच्याच खुंट्या केल्या, त्याही आडव्या रेषांच्या, कारण लाकडाच्या टोकाकडून घुसवलेला स्क्रू नीट पकडत नाही. साग तेलकट असतो, म्हणून डिंक लावण्याआधी भोकं थिनरनं पुसली. दुसऱ्या दिवशी खुंट्या तासून ३ मिलीमीटरचं भोक पाडलं, स्क्रूला मेणबत्ती घासली आणि तो हातानंच पिळला.

मजुरी त्यांनी अर्ध्या दिवसाचीच सांगितली. मी जास्त देऊ केली, तर म्हणाले, या कामाचा दर कुठे ठरलाय? त्यांचा मुलगा पाथर्डी फाट्याकडे नव्या इमारतींत मॉड्युलर किचन बसवतो. तिथे चौरस फुटानं पैसे मिळतात, आणि तुटलेला स्क्रू काढायची वेळ आली तर अख्खी फळीच बदलतात. बापाची नळी त्यानं कधी मागितली नाही. मी मागितली, ठेवणीतली वस्तू म्हणून.

चाचांनी ती पुसून पेटीत ठेवली. म्हणाले, "अजून लागते बेटा."