फरामोशखान्याचा दरवाजा

उर्दूत एक शब्द आहे, फरामोशखाना. म्हणजे विसरण्याचे घर. जुने शब्दकोश उघडलेत तर पुढे अर्थ दिलेला सापडेल: फ्रीमेसन लोकांची लॉज. आतून बाहेर आलेल्या माणसाला "काय पाहिलंत?" असे विचारले की तो "विसरलो" म्हणतो, म्हणून हे नाव पडले असे सांगतात. शब्द फारसीतून आला. इराणमध्ये मिर्झा मलकम खान यांनी तेहरानला याच नावाची एक सभा काढली होती, ती शहाने १८६१ मध्ये बंद पाडली. आपल्याकडच्या सामान्य माणसांनी एवढी नजाकत दाखवली नाही. त्यांनी या इमारतींना सरळ 'जादूघर' म्हटले. हा शब्द इंग्रजांच्या कानावर इतका पडत होता की १८८६ मध्ये निघालेल्या हॉबसन-जॉबसन या कोशात त्याची वेगळी नोंद आहे.

दार बंद, पडदे ओढलेले, आत कमरेला एप्रन बांधून बसलेले साहेब आणि बाहेर ताटकळत उभा असलेला टांगेवाला. टांगेवाल्याने जादू नाही म्हणायचे तर दुसरे काय म्हणायचे?

मी हा विषय मुद्दाम शोधायला गेले नव्हते. मी उर्दू आणि मराठी शिकवते, इतिहास माझा विषय नाही. पण दोन वर्षांपूर्वी नववीतल्या एका मुलाच्या वहीच्या मागच्या पानावर मला एक त्रिकोण दिसला, त्रिकोणात डोळा. हे काय, असे विचारले तर त्याने मोबाइलवर पाहिलेले सगळे एका दमात सांगितले. हे फ्रीमेसनचे निशाण आहे, जग तेच चालवतात, लढाया तेच लावतात, दज्जालच्या येण्याची तयारी तेच करत आहेत. मुलगा हुशार. पण गणिताची वही कोरी. त्याचे कारणही त्याच्याकडे तयार होते: "पढ के क्या फायदा मॅडम, सब तो उनों पहले से तय कर लिए."

हे वाक्य माझ्या मनातून जाईना. भुताखेतांवर विश्वास ठेवणारी मुले मी पाहिली आहेत, ती मोठी झाली की सुधारतात. पण चौदाव्या वर्षी "सगळे आधीच ठरले आहे" असे मानून वही मिटणारा मुलगा वेगळा. मी त्याला म्हटले, एवढी मोठी दुनिया नको, आपण एकच लॉज घेऊ. आपल्या मुंबईतली. ती कोणी, कधी, का काढली तेवढेच पाहू.

सुरुवात अर्थात लंडनची आहे. १७१७ मध्ये चार लॉजचे सभासद एका मद्यालयात जमले आणि त्यांनी ग्रँड लॉज स्थापन केली. मेसन म्हणजे गवंडी. दगडी चर्च बांधणाऱ्या जुन्या गवंड्यांच्या संघटनांची नावे, खुणा आणि हत्यारे या मंडळींनी उचलली. गुण्या म्हणजे सचोटी, ओळंबा म्हणजे सरळ वागणे, पाणसळ म्हणजे बरोबरी, असा अर्थ लावला आणि एकमेकांना 'ब्रदर' म्हणायला लागले. माझे अब्बा गवंडी होते. चाळीस वर्षे त्यांच्या पिशवीत थापी, ओळंबा आणि गुण्या असायचा. हे वाचले तेव्हा त्यांची फार आठवण झाली. कारण या गवंड्यांच्या संघटनेत गवंडी शोधूनही सापडत नाही. वर्गणी भरू शकणारे व्यापारी, डॉक्टर, वकील, लष्करी अधिकारी, असेच लोक. हातात कधी थापी न धरलेले गवंडी!

हिंदुस्थानात पहिली लॉज १७३० च्या सुमाराला कलकत्त्यात निघाली, मुंबईत १७५८ मध्ये. सभासद सगळे कंपनीचे गोरे नोकर. कुणी मोठा नवाब असला तर गोष्ट वेगळी. कर्नाटकच्या नवाबाचे थोरले शहजादे उमदतुल उमरा यांना अठराव्या शतकातच त्रिचनापल्लीत सभासद करून घेतले गेले, लंडनहून त्यांना मानाचा एप्रन आला आणि त्यांनी फारसीत आभाराचे पत्र धाडले. नवाबाचा स्नेह कंपनीला हवाच होता. शिकलेल्या, कमावत्या, साध्या हिंदी माणसाला मात्र दार बंद.

हे दार ठोठावणारा माणूस पारशी होता. माणेकजी करसेटजी. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत जाण्यासाठीही त्यांना झगडावे लागले होते आणि १८४० मध्ये ते तिथले पहिले हिंदी सभासद झाले. लॉजमध्ये मतदान गोट्यांनी होते. पेटीत प्रत्येकाने एक गोटी टाकायची, पसंत असेल तर पांढरी, नापसंत असेल तर काळी. काळी कोणी टाकली ते कधीच कळत नाही. माणेकजींना मुंबईत नकार मिळाला. ते युरोपला गेले आणि पॅरिसच्या एका लॉजमध्ये रीतसर फ्रीमेसन होऊन परत आले. आता तरी ते 'ब्रदर' झाले होते. तरीही मुंबईच्या गोऱ्या बंधूंनी त्यांना आपल्यात घेतले नाही. बंधुभावाची पावती पॅरिसची, ती मुंबईत चालेना.

इथे डॉक्टर जेम्स बर्न्स हा माणूस येतो. स्कॉटलंडमधल्या माँट्रोझ नावाच्या छोट्या बंदराच्या गावचा, रॉबर्ट बर्न्स या कवीच्या घराण्यातला. कच्छमध्ये भूजला कंपनीचा डॉक्टर होता. सिंधचे अमीर मीर मुराद अली आजारी पडले तेव्हा त्यांच्यावर उपचार करायला तो हैदराबादला गेला होता, त्या प्रवासाचे पुस्तकही त्याने लिहिले. १८३६ पासून पश्चिम हिंदुस्थानातल्या स्कॉटिश लॉजचा तो प्रमुख होता. मुंबईतल्या काही सभासदांनी त्याच्याकडे हिंदी लोकांसाठी लॉज काढण्याची मागणी केली आणि त्याने ती मानली. डिसेंबर १८४३ मध्ये 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' ही लॉज सुरू झाली, स्कॉटलंडच्या यादीत क्रमांक ३४२. बर्न्स तिचा पहिला मास्टर. पहिल्या हिंदी सभासदांत पारशी होते आणि मुस्लिम होते.

आता या वर्षाकडे नीट पाहा. जेम्सचे दोन सख्खे भाऊ, अलेक्झांडर आणि चार्ल्स, २ नोव्हेंबर १८४१ रोजी काबूलमध्ये जमावाकडून मारले गेले. अलेक्झांडर तिथे इंग्रजांचा राजकीय अधिकारी होता, अफगाणांच्या रागाला कारणे होती. पण भाऊ तो भाऊच. दोन भाऊ काबूलमध्ये मुस्लिम जमावाच्या हातून गेलेला माणूस पुढे दोनच वर्षांत मुंबईत मुस्लिमांना 'ब्रदर' म्हणून हाताला धरून आत नेतो. त्याच्या मनात काय होते ते मला सांगता येणार नाही. पण मी असते तर मला जमले असते का, हा विचार मी बरेच दिवस करत राहिले.

आणि त्याच १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध जिंकून खालसा केले. ज्या मुराद अलींची नाडी बर्न्सने पाहिली होती, त्यांचे चिरंजीव मीर नसीर खान आणि इतर मीर कैद करून जहाजाने मुंबईला आणले गेले. नसीर खानांचा अंत पुढे कलकत्त्यात कैदेतच झाला. म्हणजे एकाच वर्षी एकाच मुंबईत मुस्लिम माणूस कैदी म्हणून धक्क्यावर उतरत होता आणि भाऊ म्हणून लॉजच्या पायऱ्या चढत होता. मला या लॉजच्या इतिहासात सगळ्यात जास्त सांगण्यासारखे वाटते ते हेच. पाणसळ खोलीत ठेवलेली, खोलीबाहेर सगळा उतार.

खोलीतही सगळे सपाट नव्हते. हिंदी लोकांसाठी लॉज निघाली ती वेगळी निघाली. गोऱ्यांच्या लॉज होत्या तशाच राहिल्या. सभासद होताना शपथ घ्यावी लागते, ती ज्याच्या त्याच्या धर्मग्रंथावर. पारशाने अवेस्तावर, मुस्लिमाने कुरआन शरीफवर. एका ईश्वराला मानणे ही फ्रीमेसनांची अट, म्हणून मुस्लिम आणि पारशी यांना घेण्यात नियमाची अडचण आली नाही. पण हिंदूंचे काय, यावर कित्येक वर्षे वाद चालला. अनेक देव मानणाऱ्याची शपथ कशी खरी धरायची, असा सवाल गोरे सभासद करत. कलकत्त्याचे प्रसन्नकुमार दत्त यांनी १८६३ मध्ये अर्ज केला, त्यांना आत यायला १८७२ उजाडले. आपल्यासाठी दार लवकर उघडले याचा आनंद करावा असे मला तरी वाटत नाही. शेजाऱ्याला पायरीवर बसवून आपल्याला आत बोलावणाऱ्या घरात चहा गोड लागत नाही.

रुडयार्ड किपलिंग १८८६ मध्ये लाहोरच्या लॉजमध्ये सभासद झाला. वय विसाचे, नियमापेक्षा कमी, पण लॉजला चिटणीस हवा होता म्हणून खास सवलतीने घेतला. तिथे हिंदू, मुस्लिम, शीख, ज्यू सगळे होते. या दिवसांवर त्याने पुढे कविता लिहिली, तीत बंधुभावाची फार आठवण काढली आहे, पण तिथे मेजवानी ठेवता येत नसे हेही सांगितले आहे, कारण कुणाची जात बाटेल. भाऊ म्हणायचे, ताट मात्र मांडायचे नाही. एका थाळीत हात घालून जेवणाऱ्या घरात वाढलेल्या बाईला यावर काय वाटेल ते वेगळे सांगायला नको.

एवढे सांगून झाल्यावर मुलगा म्हणाला, "मग सैतानाची पूजा?" त्याचेही मूळ सापडते. पॅरिसमध्ये लिओ ताक्सिल नावाचा एक लेखक होता. १८८५ पासून त्याने लॉजमध्ये सैतानपूजा चालते असे सांगणारी पुस्तके लिहिली, सैतानाशी बोलणारी एक बाईदेखील रचून उभी केली. पुस्तके धडाधड खपली, मोठमोठे पाद्री फसले. १९ एप्रिल १८९७ रोजी त्याने भर सभेत जाहीर केले की हे सगळे मी बनवले होते, बारा वर्षे तुमची गंमत केली. लोक चिडले, पण पुस्तके फिरत राहिली. त्या वहीतला डोळासुद्धा फ्रीमेसनांचा स्वतःचा नाही, युरोपातल्या चर्चमधली चित्रे त्याहून जुनी आहेत. मोबाइलवर दज्जालच्या नावाने येते ते बरेचसे हेच, ख्रिस्ती पाद्र्यांना फसवण्यासाठी रचलेले, आता आपल्या बोलीत आणि आपल्या भीतीचे कपडे घालून. बातमी आणणारा कोण आहे ते पाहा आणि खातरजमा करा, हा हुकूम सूरह हुजुरातमध्ये आहे. तो पाठ असलेली मुलेच हे व्हिडिओ पुढे पाठवतात, याचे मला जास्त वाईट वाटते.

कुणी म्हणेल, बाई लॉजची वकिली करताहेत. नाही. पाकिस्तानात १९७२ मध्ये लॉज बंद झाल्या. मक्केतल्या फिकह परिषदेने १९७८ मध्ये मुस्लिमांनी सभासद होऊ नये असा निर्णय दिला. मी फिकहची जाणकार नाही आणि त्या निर्णयाशी माझे भांडण नाही. उलट आपल्याच देशात १९६१ मध्ये ग्रँड लॉज ऑफ इंडिया निघाली तेव्हा तिचे पहिले ग्रँड मास्टर रामपूरचे नवाब सय्यद रझा अली खान होते, हेही खरे आहे. ज्याला जायचे तो जाईल, ज्याला नको तो जाणार नाही. गवंड्याच्या घरी तर आमंत्रण घेऊन कुणी येणारही नव्हते. पण न जाणे ही एक गोष्ट आहे आणि न पाहिलेले पाहिले म्हणून सांगणे दुसरी.

बायकांना या लॉजमध्ये प्रवेश नाही, तेव्हाही नव्हता. यात वेगळेपण काय, असे आमच्या शाळेतल्या एक सहशिक्षिका म्हणाल्या, आणि आम्ही दोघी हसलो. माणेकजी करसेटजींनी मात्र आणखी एक दार पाहिले होते. मुलींना इंग्रजी शिक्षण मिळावे म्हणून त्यांनी १८६३ मध्ये मुंबईत अलेक्झांड्रा शाळा काढली.

मागच्या वर्षी बोर्डाच्या कामासाठी मुंबईला गेले, तेव्हा सीएसएमटीला उतरून दोन्ही ठिकाणे पाहिली. स्टर्लिंग सिनेमाजवळ फ्रीमेसन हॉल आहे. सुंदर जुनी इमारत, दार बंद. मी अब्बांच्या नजरेने दगडांचे सांधे पाहिले. काम चोख होते, आणि ते नक्कीच खऱ्या गवंड्यांनी केलेले होते. अलेक्झांड्रा शाळा तिथून चालत काही मिनिटांवर आहे. पोहोचले तेव्हा मधली सुट्टी झाली होती आणि मुलींचा गलका रस्त्यापर्यंत ऐकू येत होता.