दोरीला बांधलेली नात

गेल्या वर्षी ऑकलंडला लेकीकडे गेले होते. जावयांची छोटी शिडाची होडी आहे. चार वर्षांच्या नातीला घेऊन निघायचं म्हटल्यावर माझ्या पोटात गोळाच आला.

धक्क्यावरच तिला लाइफ जॅकेट चढवलं. मानेमागे जाड कॉलर, पाण्यात तोंड वर राहावं म्हणून. दोन पायांमधून पट्टा, नाहीतर जॅकेट वर येतं आणि मूल खाली निसटतं. होडीत चढताच अंगावरच्या पट्ट्यांना दोरी!

"अगं, वासरू आहे का ते?" मी चिडलेच.

"आई, ही दोरी काठापर्यंत पोचतच नाही. म्हणून तर तिला खेळू देता येतं."

होडी वळताना शिडाचा आडवा दांडा डोक्यावरून फिरतो. तेव्हा "खाली!" म्हणून ओरडायचं काम नातीचं. स्वारी खूश!

वारा वाढला तशी घाबरून मीच उभी राहिले. नातीनं माझी ओढणी ओढली, "आजी, खाली बस. एक हात होडीला धर."

जन्मभर मुलांना नुसतं "जपून, जपून" म्हणत आले. काय धरायचं, ते कधी सांगितलंच नाही... असो. परतताना मीही मुकाट्यानं दोरी लावून घेतली.