निळ्या टोपीस उत्तर

राजघाट, बुऱ्हाणपूर
आषाढ शुद्ध एकादशी, शके 1944

चि. नाना यास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचे छायाचित्र पोचले. शिकागोच्या रिगली फील्ड या बेसबॉलच्या मैदानावर, जावयाच्या शेजारी, डोक्यावर निळी टोपी चढवून तू बसला आहेस, आणि मुद्रेवर अशी धन्यता आहे की जणू नुकताच पंढरीच्या गाभाऱ्यातून बाहेर पडलास. टोपीवरच्या संघाचे नाव नातवाने मला 'कब्ज' असे वाचून दाखवले. हा शब्द आपल्या बाजारात उच्चारला तर लोक इसबगोल कुठे मिळेल ते सांगतात, पण ते असो. एक्याऐंशीव्या वर्षी का होईना, उन्हात टोपी घालण्याची मावशीची आज्ञा तू पाळलीस, म्हणून टोपीवर माझी हरकत नाही. हरकत आहे ती तुझ्या त्या एका वाक्यावर. गावच्या संघावर जीव कसा लावावा हे या लोकांकडून शिकावे, आपल्याकडे ती वृत्तीच नाही, असे तू लिहितोस! माझ्या उत्तरात तिखट अंमळ जास्त वाटले, तर दोष एकादशीच्या मिरच्यांना दे.

तू विचारलेस ते एवढेच, की आपण इंदूरला सामना पाहायला गेलो ते साल कोणते. साल 1955, रणजी करंडकाचा अंतिम सामना, होळकर विरुद्ध मद्रास, आणि आपली 46 धावांनी हार. प्रश्नाचे उत्तर संपले. परंतु ज्याला साल आठवत नाही त्याला बाकीचेही आठवत नसावे अशी शंका येते, म्हणून लिहितो. खंडव्याला मामांकडे जातो अशी मावशीला थाप मारून आपण लालबागच्या स्टेशनावर गाडीत बसलो, खंडव्याला उतरून मामांच्या घराकडे न पाहता मीटरगेजची गाडी धरली, आणि कालाकुंडच्या घाटात गाडी धापा टाकू लागली तेव्हा, मी नको नको म्हणत असता, तू खिडकीबाहेर डोके काढून डोळ्यांत कोळशाची कणी घालून घेतलीस. तो लाल डोळा घेऊन तू सामना पाहिलास, आणि परतताना पातालपाणी मागे पडले तरी तुझे रडे थांबेना. समोरच्या बाकावरच्या म्हाताऱ्याने घरी कोणी गेले का म्हणून विचारले होते. त्या चौदा वर्षांच्या पोराला निष्ठा शिकायला सातासमुद्रापार जावे लागले नव्हते.

तुझ्या शिकागोकरांची तपश्चर्या मी हलकी लेखत नाही. 1908 नंतर थेट 2016 साली जगज्जेतेपद, म्हणजे एकशे आठ वर्षे, पुरती एक जपमाळ; आणि 1945 साली बोकडासह मैदानाबाहेर काढलेल्या त्या गुत्तेवाल्याच्या शापाची कथाही नातवाने वाचून दाखवली. पण त्याच 1945 साली आपल्या ओसरीवर काय चालले होते ते सांगतो, कारण तू तेव्हा अगदीच लहान होतास. ब्रेबोर्न मैदानावर मुंबईने होळकरांपुढे 867 धावांचे लक्ष्य ठेवले होते. महूच्या छावणीत लष्करी नोकरीवर असलेला डेनिस कॉम्प्टन होळकरांकडून खेळला आणि 249 धावा करून नाबाद राहिला. तरीही डाव 492 वर संपून 374 धावांनी हार झाली. वडिलांनी वर्तमानपत्रातले ते आकडे दोनदा मोठ्याने वाचले, घडी घालून ते कोनाड्यात ठेवले, आणि त्या रात्री ते जेवले नाहीत.

आता तू, इतकी वर्षे दादरला काढलेला वादपटू, लगेच म्हणशील की दादा, होळकरांचा संघ आपला होताच कधी? निमाड जिल्हा नागपूरच्या अंमलाखाली, इंदूर परक्या दरबारचे, आणि आपण पाहिला त्या सामन्याच्या वेळीसुद्धा ते मध्यभारतात नि आपण जुन्या मध्यप्रदेशात. दफ्तरी ही गोष्ट निर्विवाद खरी आहे. पुढे 1956 च्या नोव्हेंबरात नागपूर सुटले, राजधानी भोपाळला गेली, आणि 2003 साली खंडव्यापासून फुटून आपला जिल्हाही वेगळा झाला. आपण मात्र याच घाटावर, याच ओट्यावर बसलेले. माझी कैफियत अशी की संघावरचा हक्क सनदेने मिळत नाही, निवडूनही मिळत नाही. तो एकत्र हरल्याने मिळतो. वडील त्या रात्री जेवले नाहीत म्हणून होळकर माझे झाले, आणि तू पातालपाणीपर्यंत रडलास म्हणून तुझे. चार वेळा करंडक आणलेला तो संघ आपल्या त्या हारीनंतर नावासकट नाहीसा झाला. आधी मध्यभारत आणि मग मध्यप्रदेश या नावाचा संघ आला, तेव्हा हरण्याचा वारसा आम्ही खळखळ न करता त्याच्याकडे वर्ग केला. तुझ्या शिकागोकरांना निदान एकाच नावाने हाक मारता आली.

म्हणूनच गेल्या महिन्यात बंगळूरचा रणजीचा अंतिम सामना संपल्यावर तू जो टोमणा मारलास, की मुंबईचा पंडित नसता तर तुमचे काय झाले असते, तो मला लागला नाही, उलट तुझीच कीव आली. चंद्रकांत पंडित जन्माने तुमचा खरा. पण 1998-99 च्या अंतिम सामन्यात, त्याच बंगळूरच्या मैदानावर, पहिल्या डावाची आघाडी हाती असताना आम्ही कर्नाटकाकडून 96 धावांनी हरलो, तेव्हा आमचा कर्णधार तोच होता. त्याच दिवशी तो आमचा झाला. तेवीस वर्षांनी प्रशिक्षक म्हणून जिंकून तो डोळे पुसत होता ते कोणत्या गावचे पाणी होते हे तुला कळू नये? पाच दिवस मी नातवाचा मोबाइल अडवून बसलो होतो. मुंबईच्या 374 ला आमचे 536, दुबे, शर्मा आणि पाटीदार यांची तीन शतके, आणि शेवटी हव्या होत्या अवघ्या 108 धावा! पुन्हा तीच जपमाळ, नाना. शेजारचा पॉवरलूमवाला मुद्दाम येऊन विचारून गेला, की तुम्ही मराठी लोक, तेव्हा मुंबईकडून असाल? मी म्हटले, घरात मराठी बोलतो, पण पाणी तापीचे पितो.

तुझ्या पत्रातच पुरावा आहे बघ. त्या दिवशी तुझे निळे टोपीवाले हरले, हे तू अर्ध्या ओळीत उरकलेस आणि तिथे खाल्लेल्या सॉसेजचे वर्णन पाऊण पान केलेस. (डॉक्टरांनी तुला मिठाचे काय सांगितले होते?) तुझ्या टोपीत अजून एकही हार शिवलेली नाही.

हे लिहून झाले आणि छायाचित्र पुन्हा पाहावे म्हणून भिंग घेतले. नाना, तुझे घड्याळ मनगटावरून घसरून पार कोपराकडे गेले आहे. टोपीकडे पाहत राहिलो, म्हणून पहिल्यांदा ध्यानात आले नाही. गेल्या दिवाळीत तू घाटाच्या पायऱ्या उतरताना दोनदा थांबलास आणि पाणी पाहतो आहे असे म्हणालास, तेही आता निराळे वाटू लागले आहे. लेक सांभाळते हे जाणतो. पण तू तिला सांगतोस किती? कणी डोळ्यात गेली तेव्हाही दुखत नाही असेच म्हणत होतास.

इथे पाऊस धरला आहे. नदीतल्या दगडी हत्तीभोवती गढूळ पाणी चढू लागले आहे. मोठा पूर आला की तो बुडतो, आणि ओसरला की जिथल्या तिथे उभा दिसतो. तो पुन्हा दिसू लागला की ये. टोपी घालून आलास तरी चालेल, पोरे हसली तर मी पाहून घेईन. तोवर घड्याळाचा पट्टा आवळून घे, आणि वजन किती भरले, रक्तदाब किती, जेवण किती जाते, हे पुढच्या पत्रात आकड्यांत लिही. वर्णन नको, आकड्यांवरून डाव कसा चालला आहे ते मला कळते.

तुझा,
दादा