नंबर आमचा, टॉवर तुमचा!

मोबाइल कंपनीशी आपलं नातं अगदी नावडत्या नोकरीसारखं असतं. रोज कुरकुर, पण रिझाइन कुणीच करत नाही. कॅन्टीनमध्ये एकानं ‘यार, पुन्हा कॉल ड्रॉप’ म्हटलं की अख्खं टेबल आपापलं गाऱ्हाणं काढतं. चहा संपला की सगळे पुन्हा त्याच सिमवर! ‘कोण पडणार त्या भानगडीत?’ हा आपला फेव्हरिट फंडा.

मला त्या भानगडीत पाडलं ते अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी. मी पुण्यात फ्रीलान्सिंग करते, अण्णा-आई परभणी जिल्ह्यातल्या पेडगावला. (हो, ती म्हण माहितीये. म्हणीतलं पेडगाव श्रीगोंद्याकडचं सांगतात, आमचं नव्हे!) गेल्या वर्षी अण्णांच्या फोनला घरात रेंजच येईनाशी झाली. एका रात्री आईची शुगर एकदम खाली गेली आणि जीपवाल्याला फोन लावायला अण्णांना अंधारात जिना चढून गच्चीवर जावं लागलं. आई आता ठणठणीत आहे. पण हे मला कळलं दुसऱ्या दिवशी, तेही गच्चीवरूनच.

तक्रार केली, तर कस्टमर केअरचं ठरलेलं उत्तर, ‘मॅम, आमच्या सिस्टिमवर तुमच्या एरियात नेटवर्क फुल दिसतंय.’ वेड पांघरून थेट आमच्याच पेडगावला!

मी म्हटलं, ‘अण्णा, सरळ नवीन नंबर घ्या.’

‘अन् मोंढ्यातल्या अडत्याला कोन सांगायचं? बँकेत हाच, आधारला हाच, पीकविम्याला हाच. तुझ्या मावशीनं भिंतीवर लिवून ठेवलाय, ते पुसायला तू जानार हैस का?’

अण्णांचा पॉइंट बरोबर होता. नंबर आपल्या खिशात असतो असं आपल्याला वाटतं, पण तो खरा राहतो दुसऱ्यांच्या डायरीत. कुणाच्या मेमरीत, कुणाच्या भिंतीवर, बँकेच्या रेकॉर्डमध्ये. सिम बदलता येतं, एवढ्या सगळ्या जागा बदलता येत नाहीत. माझंही तेच. मला केबिन नाही, व्हिजिटिंग कार्डावर ऑफिसचा पत्ता नाही. माझं ऑफिस म्हणजे हे दहा आकडे.

म्हणूनच नंबर पोर्टेबिलिटी ही वाटते त्यापेक्षा मोठी गोष्ट आहे. सिंगापूरनं ही सोय 1997 मध्येच दिली होती. आपल्याकडे ती 25 नोव्हेंबर 2010 ला हरियाणात सुरू झाली आणि 20 जानेवारी 2011 ला देशभर आली. पण एक मेख होती. नंबर फक्त आपल्याच सर्कलमध्ये टिकायचा. परभणी, पुणे, नाशिक, नागपूर आणि गोवासुद्धा एका सर्कलमध्ये, मुंबईचं सर्कल मात्र वेगळं! म्हणजे परभणीचा मुलगा पुण्यात नोकरीला लागला तर नंबर तोच ठेवून कंपनी बदलू शकायचा. तोच मुंबईला गेला, तर नवा नंबर घ्यायचा किंवा रोमिंगचे पैसे भरायचे. ही भिंत पडली 3 जुलै 2015 ला. तेव्हापासून नंबर देशात कुठेही नेता येतो.

प्रोसेस सोपी आहे. इंग्रजीत पोर्ट लिहायचं, जागा सोडून आपला नंबर लिहायचा आणि 1900 वर एसएमएस करायचा. आठ अक्षर-आकड्यांचा कोड येतो, तो आपल्याकडे 4 दिवस चालतो. तो घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जायचं. त्याच सर्कलमध्ये 3 कामाचे दिवस, दुसऱ्या सर्कलमध्ये 5. अटी दोन-तीनच. सध्याच्या कंपनीत 90 दिवस झालेले हवेत आणि पोस्टपेड असाल तर बिल थकलेलं नको. प्रीपेडचा उरलेला बॅलन्स मात्र बुडतो. रिचार्ज कितीचाही असो, हा एसएमएस अडवायचा नाही, असं ट्रायनं डिसेंबर 2021 मध्ये सगळ्या कंपन्यांना बजावलंय. आणि तो कोड फोनवर कुणालाही सांगायचा नाही, ओटीपीसारखाच जपायचा. जुलै 2024 पासून सिम बदलून घेतल्यावर 7 दिवस हा कोड मिळतच नाही, तेही फसवणूक रोखण्यासाठीच.

कोड मागितला आणि चमत्कार झाला. जुन्या कंपनीचा स्वतःहून फोन! स्पेशल ऑफर, जादा डेटा, ‘सर, तुम्ही आमचे जुने कस्टमर आहात.’ तो फोनही अण्णांनी गच्चीवरूनच घेतला. म्हणाले, ‘डेटा ऱ्हाऊ द्या. टॉवर देता का?’ पलीकडून शांतता.

पण कंपनी निवडताना अण्णांनी जे केलं, ते आपण शहरातले लोक करत नाही. त्यांनी प्लॅन बघितलेच नाहीत. शेजाऱ्यांचे वेगवेगळ्या कंपन्यांचे फोन मागून घेतले आणि ओसरीत, स्वयंपाकघरात, आईच्या पलंगापाशी, शेतातल्या विहिरीवर उभं राहून दांड्या मोजल्या. आईच्या पलंगापाशी जिच्या दांड्या जास्त, ती कंपनी पास. विषय संपला.

दुकानात जरा खोळंबा झाला. जन्मभर शेतात राबलेल्या बोटांच्या रेषा झिजलेल्या, मशीन अंगठा घेईना. हात धुऊन, पुसून चौथ्या वेळी जमलं. तिसऱ्या दिवशी जुनं सिम मेलं, नवं जागं झालं. अडत्याला काही कळलंही नाही, आणि तेच तर हवं होतं!

आता घरात रेंज आहे. विहिरीवर अजूनही नाही, कुठल्याच कंपनीची नाही. पोर्टेबिलिटी कंपनी बदलायचं स्वातंत्र्य देते, गावाला टॉवर देत नाही. जिथे चार कंपन्या तुमच्यासाठी भांडतात तिथे ते स्वातंत्र्य मोठं असतं, जिथे एकीलाच धड रेंज असते तिथे ते तेवढंच उरतं. पुण्यातल्या कॅफेत बसून कुरकुरणाऱ्या आपल्याला मात्र ते भरपूर आहे. तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी कॅन्टीनमध्ये कॉल ड्रॉपवर बोंब मारण्याआधी एक एसएमएस टाका. आणि प्लॅनचं पान उघडण्याआधी, घरात ज्या कोपऱ्यात खरी गरज पडेल, तिथे उभं राहून दांड्या मोजा.