पाण्यावरचे घर, पाण्याखालचे घर

जबलपूर आणि समुद्रप्रवास यांची सांगड कशी घालावी, असा प्रश्न आपणांस पडेल. महाकोशलातील हे शहर भारताच्या ऐन मध्यभागी वसलेले आहे. कोणत्याही दिशेने निघालात तरी समुद्र दिसायला शेकडो मैल जावे लागते. तरीही जगाच्या प्रवासाशी या गावाचे नाते जुने आहे. १८६९ च्या नोव्हेंबरात सुएझचा कालवा खुला झाला आणि लगोलग, १८७० च्या मार्च महिन्यात, मुंबईकडून आलेला लोहमार्ग व अलाहाबादकडून आलेला लोहमार्ग जबलपूर येथे एकमेकांस मिळाले. विलायतेहून आगबोटीने मुंबईस उतरलेला प्रवासी आता आगगाडीतच बसून थेट कलकत्त्यास पोहोचू लागला आणि तेथे पुन्हा बोट धरू लागला. ज्यूल व्हर्न या फ्रेंच कादंबरीकाराने १८७२ साली ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणेचा हिशेब मांडला, त्यात मुंबई ते कलकत्ता या टप्प्याला दिलेले तीन दिवस याच मार्गाच्या भरवशावर होते.

त्या काळच्या प्रवाशाचे घर मात्र मागे, आपल्या गावी राहत असे. प्रवास म्हणजे घर सोडणे, ही समजूत जगभर एकच होती. आता तीही बदलली आहे. घर सोडण्याऐवजी घरच सोबत घेऊन जगभर फिरणारी माणसे आज आहेत, आणि त्यांच्याविषयी वाचताना जबलपूरची नर्मदा आठवल्यावाचून राहत नाही. कारण पाणी आणि घर यांच्या नात्याची जितकी रूपे या एका नदीकाठी पाहावयास मिळतात, तितकी क्वचितच इतरत्र मिळतील.

प्रथम त्या फिरत्या घराची ओळख करून घेऊ. ‘द वर्ल्ड’ या नावाचे जहाज २००२ साली समुद्रात उतरले. सुमारे १९६ मीटर लांबीच्या या जहाजावर १६५ निवासस्थाने आहेत. ती भाड्याने घेतलेली केबिने नव्हेत, तर विकत घेतलेली घरे आहेत. कोणी एका खोलीचे, तर कोणी अनेक खोल्यांचे घर घेतले आहे. वाणसामानाचे दुकान, वाचनालय, दवाखाना, पोहण्याचे तलाव, एवढेच काय, पण टेनिसचे पूर्ण आकाराचे मैदानही जहाजावर आहे. जहाज चालत राहते, बंदरांमागून बंदरे येतात. सकाळी खिडकीचा पडदा सारावा तो बाहेर नवाच देश उभा असतो, आणि आत मात्र कालचीच खुर्ची, कालचेच पुस्तक आपल्या जागी असते. २०१२ साली या जहाजाने कॅनडाच्या उत्तरेकडील हिमाच्छादित जलमार्ग ओलांडला आणि २०१७ साली ते अंटार्क्टिकाजवळ फार दूर दक्षिणेपर्यंत जाऊन आले.

या वैभवाचे आपणांस अप्रूप वाटेल. पण त्या जहाजावरची सर्वांत मोलाची वस्तू टेनिसचे मैदान नव्हे. जहाजाची मालकी तेथील रहिवाशांचीच आहे, आणि ते पुढे कोणत्या किनाऱ्यास जाणार हे रहिवासीच आपसांत विचारविनिमय करून बरेच आधी ठरवितात. घर कोठे जाणार हे घरात राहणाऱ्यालाच विचारले जाते. ही गोष्ट कृपया ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

आणखीही एक गोष्ट आहे. या रहिवाशांपैकी बहुतेकांचे जमिनीवर दुसरे घर असते आणि वर्षातील काही काळच ते जहाजावर काढतात. २०२० साली कोरोनाची साथ जगभर पसरली तेव्हा मार्च महिन्यात या जहाजावरच्या रहिवाशांना उतरविण्यात आले. जो तो आपापल्या भूमीवर परतला. पाण्यावरचे घर कितीही सुखाचे असले, तरी संकटकाळी पाऊल टेकण्यास किनारा लागतो, हेच त्यावरून दिसून आले.

आपल्याकडे पाण्यावरची घरे नवी नाहीत. काश्मीर संस्थानात परक्यांना जमीन घेण्यास मनाई होती, म्हणून इंग्रजांनी श्रीनगरच्या दल सरोवरात नावांवरच बिऱ्हाडे थाटली. त्यांतूनच तेथील हाऊसबोटी प्रसिद्धीस आल्या. केरळात काथ्याने फळ्या बांधून, खिळा न मारता केलेल्या भाताच्या होड्या होत्या, त्यांचीच पुढे प्रवाशांसाठी तरंगती घरे झाली. १३ जानेवारी २०२३ रोजी वाराणसीहून ‘गंगा विलास’ ही नौका निघाली. तिच्यात १८ दालने आणि ३६ प्रवाशांची सोय होती. सुमारे ३,२०० किलोमीटरचा जलमार्ग बांगलादेशातून आक्रमून ती आसामात दिब्रुगडला पोहोचली. या सर्वांत पाणी हा माणसाचा पाहुणचार करणारा यजमान आहे.

आता नर्मदेकडे वळू. अमरकंटकाहून निघून १,३१२ किलोमीटर वाहत जाणारी ही नदी जबलपूरला येते ती शांतपणे. संध्याकाळी ग्वारीघाटावर जावे. नदीच्या आरतीसाठी माणसे पायऱ्यांवर दाटीने बसलेली असतात, द्रोणांतले दिवे प्रवाहात सोडले जातात आणि पैलतीरावरील गुरुद्वाराकडे नावा ये-जा करीत असतात. शहरापासून थोड्या अंतरावर भेडाघाट आहे. तेथे धुवांधारच्या धबधब्यात उडी घेऊन नदी संगमरवरी कड्यांच्या अरुंद घळीत शिरते. नावेत बसलात की नावाडी वल्ही मारता मारता यमक जुळवून कड्यांचे वर्णन करू लागतो. त्याच्या विनोदाने हसू येते, पण वळणावर दोन्ही बाजूंचे पांढरे कडे इतके जवळ येतात की नावेतले सगळे आपोआप गप्प होतात. पावसाळ्यात मात्र ही नौकाविहाराची सोय बंद असते. नदी तेव्हा पाहुण्यांसाठी नसते.

या नदीवर प्रवासाची जी खरी परंपरा आहे, तिच्यात नावेला जवळजवळ स्थानच नाही. ती आहे परिक्रमा. नदीला उजवीकडे ठेवून एका काठाने समुद्रापर्यंत जावयाचे आणि दुसऱ्या काठाने परत यावयाचे. दोन्ही काठ मिळून सुमारे २,६०० किलोमीटरची ही पायवाट आहे. जुन्या नियमाप्रमाणे तिला तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवस लागतात. चातुर्मासात एका जागी मुक्काम असतो. नदी ओलांडायची नाही हा मुख्य दंडक. नावेत पाय ठेवायचा तो एकदाच, जेथे नर्मदा समुद्रास मिळते तेथे. दक्षिण तीरावरील विमलेश्वरहून नावेत बसून उत्तर तीरावरील मिठी तलाईला उतरावयाचे. जवळ पैसा बाळगू नये, काठच्या गावांनी दिलेले सदावर्त घ्यावे, रात्र पडेल तेथे मंदिरात वा पडवीत अंग टाकावे. मराठी वाचकांना गो. नी. दांडेकरांच्या लेखनातून या परिक्रमेचा परिचय आहेच.

जहाजावरचा रहिवासी घर बरोबर घेऊन निघतो. परिक्रमावासी घर मागे टाकून निघतो. वरवर पाहता ही दोन टोके. पण दोघांनाही एक गोष्ट समान लाभलेली आहे. दोघेही आपल्या इच्छेने निघालेले असतात, आणि दोघांनाही परतण्यास जागा असते.

जबलपूरचेच चित्रकार व लेखक अमृतलाल वेगड हे या परिक्रमेचे अर्वाचीन यात्री. शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकलेले वेगड वयाच्या पन्नाशीला आले असताना, १९७७ साली, जबलपूरहून नर्मदेच्या काठाने मंडल्याच्या दिशेने चालू लागले. पुढे वर्षानुवर्षे टप्प्याटप्प्याने त्यांनी ही वाट चालली, रेखाटने केली, रंगीत कागदांची चित्रे केली, आणि हिंदीत व गुजरातीत प्रवासवर्णने लिहिली. २०१८ साली ते निवर्तले. त्यांच्या त्या पहिल्या यात्रेतील वाटेचा बराचसा भाग आज आपणांस चालता येणार नाही. तो पाण्याखाली आहे.

जबलपूरहून नागपूरच्या रस्त्याने निघून फाट्याने आत वळले की बरगीचे धरण येते. नर्मदेवर योजलेल्या मोठ्या धरणांपैकी हे आधी पूर्ण झालेले धरण. त्याचे काम १९७० च्या दशकात सुरू झाले आणि १९९० च्या पावसाळ्यात जलाशय भरला. ते पाणी मंडल्याच्या दिशेने सुमारे पाऊणशे किलोमीटर पसरले आहे. या धरणाने शेतीला पाणी दिले, ९० मेगावॅट वीज दिली. राज्याच्या पर्यटन खात्याने काठावर विश्रामस्थान उभारले आणि प्रवाशांसाठी जलाशयात क्रूझ बोटही आणली. दूरवर निळे पाणी, त्यातून वर आलेली टेकड्यांची माथी, संध्याकाळचा वारा: समुद्र न पाहिलेल्या मुलांना हा समुद्रच वाटावा, असे ते दृश्य आहे.

परंतु त्या पाण्याच्या तळाशी शेते आहेत, विहिरी आहेत, घरांची जोती आहेत. मंडला, सिवनी आणि जबलपूर या तीन जिल्ह्यांतील १६२ गावे या धरणाने बाधित झाली; त्यांतील पुष्कळशी गोंड व इतर आदिवासींची होती. आधी धरलेला अंदाज याहून बराच कमी गावांचा होता, असे या विषयाच्या अभ्यासकांनी नोंदले आहे. त्या गावांतील माणसांना, पाणी कोठवर यावे आणि आपले घर कोठे जावे, हे कोणी विचारले नव्हते. जहाजावरच्या १६५ घरांत जो प्रश्न सर्वांपुढे ठेवून सोडविला जातो, तो येथे १६२ गावांत विचारलाही गेला नाही. दोन आकडे जवळजवळ सारखेच. पण एका बाजूस मोजली आहेत ती घरे, आणि दुसऱ्या बाजूस गावे.

पुढे काय झाले? कित्येकजण जबलपूर शहरात आले, झोपड्यांतून राहिले आणि सायकलरिक्षा ओढू लागले. स्थानकावर उतरून भेडाघाटाची चौकशी करणाऱ्या प्रवाशाला ज्याने रिक्षात बसविले, त्याचे स्वतःचे शेत कदाचित त्याच नदीखाली असेल. कित्येकजण जलाशयाच्या काठीच वर सरकून राहिले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनीत ते पीक घेऊ लागले. १९९४ साली विस्थापितांच्या सहकारी संघाला जलाशयातील मासेमारीचा हक्क मिळाला. नांगर धरणाऱ्या हातांनी जाळे धरले, मासळी बाजारात नेली आणि संस्था चालवून दाखविली. ती व्यवस्था पुढे टिकली नाही. पण आपल्यावर लादले गेलेले पाणी आपलेसे करता येते, एवढे त्या लोकांनी सिद्ध केले.

हे केवळ मध्य प्रदेशापुरते आहे असे समजू नये. हीच नर्मदा खाली उतरून महाराष्ट्राच्या सीमेवरून वाहते. सरदार सरोवरामुळे नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील ३३ गावांना पाणी लागले. सातपुड्याच्या कुशीतील कित्येक पाडे असे झाले की तेथे जाण्यास नावेवाचून मार्ग उरला नाही. म्हणून तेथे तरंगता दवाखाना चालविण्यात आला. डॉक्टर आणि औषधे घेऊन बोट पाड्यापाड्यांना जाऊ लागली. २०२० साली साथीच्या भीतीने तेथील आया केंद्रावर येईनाशा झाल्या, तेव्हा एक अंगणवाडी सेविका कोळ्याची छोटी होडी मागून घेऊन, स्वतः वल्ही मारीत, एकूण सुमारे १८ किलोमीटरचा जलप्रवास करून बाळांची वजने घेण्यास व आहार पोहोचविण्यास जात असे. संध्याकाळी तिचे हात भरून येत. तिच्या होडीत ना दालन होते ना खिडकीचा पडदा; पण बंदर मात्र तिने स्वतः ठरविलेले होते, आणि तेथे कोणीतरी तिची वाट पाहत होते.

आपण जबलपूरला अवश्य जा. मुलांना घेऊन जा. भेडाघाटच्या नावेत बसा, नावाड्याची यमके ऐका, ग्वारीघाटावर दिवा सोडा. जमल्यास काठाने चार मैल पायी चाला. एखादा परिक्रमावासी भेटला तर त्याला ‘नर्मदे हर’ म्हणा आणि शिधा द्या. बरगीच्या काठावर उभे राहाल तेव्हा मुलांना निळे पाणी दाखवा, धरणाचे दरवाजे दाखवा आणि विजेचे गणितही समजावून सांगा. मग ‘या पाण्याखाली काय आहे?’ असे एखादे मूल विचारील. त्या वेळी घाईने विषय बदलू नका. गावे आहेत, असे त्याला सांगा. शक्य झाल्यास काठच्या एखाद्या वस्तीत थांबून, मासळी घेऊन आलेल्या कोणा वृद्धाला त्याच्या गावाचे नाव विचारा. ते नाव तो सांगेल, आणि हात लांब करून पाण्यातली जागाही दाखवील.